मिठावर पाय

टूर मॅनेजरला गुडघे, पासपोर्ट आणि जेवण या तीनच गोष्टी सांभाळायच्या असतात, असं मला वाटायचं. पोलंडमध्ये क्राकोजवळच्या विएलिच्काच्या खाणीत त्यात मिठाची भर पडली.

साडेतीनशेहून जास्त लाकडी पायऱ्या उतरून आमचा ग्रुप बोगद्यांतून चालत होता. जमिनीखाली १०१ मीटरवर संत किंगाचं चर्च लागतं. वरच्या सज्जातून खाली पाहिलं आणि एरवी अखंड बोलणारी आमची मंडळी गप्प झाली. ५४ मीटर लांब, १२ मीटर उंच दालन, भिंतींवर येशूच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले. १८९६मध्ये मार्कोव्स्की या खाणकामगार भावांनी काम सुरू केलं, पुढे विरोडेकने ते चालवलं. तिघं मिळून सदुसष्ट वर्षं! वीस हजार टन मीठ उपसलं गेलं. आमची गाइड म्हणाली, ‘‘वेदी, पुतळे, या पायऱ्या, खालची फरशी, सगळं मीठच. झुंबराचे लोलकसुद्धा.’’

मी ते मराठीत सांगितलं आणि तिथेच चुकलो. उरणच्या काकू पहिल्याच पायरीवर थबकल्या.

‘‘मिठावर पाय द्यायचा? नको रे बाबा. सांडलेलं मीठ पापण्यांनी वेचावं लागतं वर गेल्यावर. इथे तर अख्खं देऊळ!’’

मागे दुसरा ग्रुप खोळंबला. काका वैतागले. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला. ‘‘मघापासून मिठावरच चालतेस. आणि मी काय चपला घालून मीठ ओढलं का?’’

‘‘तुमचं ते काम होतं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘हे देवाचं आहे.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी काकू स्वतःच वाकल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि उतरू लागल्या. गाइडने हे काय म्हणून विचारलं. मी पापण्यांची गोष्ट सांगितल्यावर ती हसली नाही. म्हणाली, आमच्याकडे नव्या जोडप्याचं स्वागत पाव आणि मीठ देऊन करतात.

काकांचं लक्ष मात्र कोरीवकामात नव्हतंच. ते भिंतीवरून बोट फिरवून जिभेला लावून मोकळे झाले होते. ‘‘हिला विचार, पावसाळ्यात काय करता? आम्ही राशी पेंढ्याने शाकारायचो. हवेतल्या दमटपणानेच मीठ पाझरतं.’’

इतकी वर्षं मी ग्रुप आणतोय. लोक झुंबरांचे फोटो काढतात, टॉयलेट विचारतात. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गाइडचा चेहराच बदलला. बाहेरून येणाऱ्या ओलसर हवेने मूर्तींची नाकं-बोटं झिजत चालली होती, म्हणून १९८९मध्ये युनेस्कोने खाण धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली, असं तिने सांगितलं. हवा कोरडी करणारी यंत्रं बसली, तेव्हा १९९८मध्ये नाव निघालं. काका मान डोलवत ऐकत होते. भाषांतर करताना मीच अडखळत होतो, त्या दोघांचं बरं चाललं होतं.

वर यायला लिफ्ट होती. दुकानात काकूंनी मिठाचा दिवा उचलला.

‘‘ठेव खाली,’’ काका म्हणाले. ‘‘घरी पडवीत अर्धं पोतं पडलंय.’’

दिवा घेतलाच. विमानतळापर्यंत तो माझ्या सॅकमध्ये होता.