अकरा महिन्यांच्या कागदावर आम्ही सही केली नाही

सोलापूरच्या साखर पेठेतला आमचा वाडा मूळ मालकांच्या वारसांनी एका खासगी कंपनीला विकला. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, तेव्हापासून आम्ही इथले भाडेकरू. कंपनीचा माणूस दारात आला तेव्हाच आम्हाला विक्री कळली. प्रत्येक बिऱ्हाडासाठी त्याने कागद आणला होता : अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी. भाडं आजच्या बाजारभावाचं. "मालक आता कंपनी आहे, भाडे नियंत्रण कायदा विसरा," असं तो सगळ्यांना सांगत होता.

घाबरून काही जण सही करायला निघाले. शेजारच्या अक्का विड्या वळतात, नव्या भाड्यात त्यांची सगळी मजुरी गेली असती. त्यांना म्हटलं, आधी वकिलांना दाखवू.

वकीलसाहेबांनी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 3 वाचून दाखवलं. त्यात कंपन्यांचा उल्लेख खरंच आहे. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या, एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं भांडवल) असलेल्या कंपन्या यांना जागा भाड्याने दिली असेल, तर तिथे हा कायदा लागत नाही. म्हणजे कंपनी भाडेकरू असेल तेव्हा. घर कंपनीने विकत घेतलं म्हणून आत राहणाऱ्याचं संरक्षण जात नाही. नवा मालक जुन्या भाडेकरूंसकटच मालक होतो. धोका होता तो सहीत. लायसन्सचा करार केला की कलम 24 लागतं आणि मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, जागा खाली करून घेता येते.

मग कागद जमवले. वडिलांच्या नावच्या पावत्या, रेशन कार्ड, जुनी लाइट बिलं. वडील गेले तेव्हा मी त्यांच्यासोबत याच घरात राहत होतो, हे दाखवणं सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण त्यावरच वडिलांचा भाडेकरूचा हक्क माझ्याकडे येणार होता. सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा काढून नवं नाव खात्रीने पाहिलं. कंपनी भाडं घेईना, म्हणून दर महिन्याला मनीऑर्डर केली. परत आलेली प्रत्येक पावती फाइलला लावली. भाडं थकलं असं उद्या कोर्टात म्हणायला जागा ठेवायची नव्हती.

त्यानंतर कंपनीने आमचा नळ तोडला. भर उन्हाळ्यात, जिथे पालिकेचं पाणी तसंही काही दिवसांआड येतं त्या सोलापुरात. याचा राग अजून गेलेला नाही. कलम 29 नुसार मालकाला पाणी-वीज तोडता येत नाही. कोर्टात अर्ज केला, नळ जोडायचा आदेश मिळाला.

जुन्या मालकांचं दुखणं मला कळतं. आमच्या जुन्या भाड्यात वाड्याची कौलंही शाकारून होत नव्हती. पण परवडणारं घर म्हणजे काय ते या शहराला माहीत आहे. कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, रे नगरात असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची योजना आली, ती लोकांनी वर्षानुवर्षं झगडून मिळवली. पेठेतली स्वस्त खोली एकदा गेली की तेवढ्या भाड्यात दुसरी मिळत नाही.

आता कंपनी भाडं घेते, पावती देते. अलीकडे तिने पुनर्बांधणीचा मसुदा पाठवला आहे. नव्या इमारतीत प्रत्येकाला किती चौरस फूट आणि बांधकाम होईपर्यंतचं भाडं कोण भरणार, हे त्यात नाही. दोन्ही गोष्टी लेखी मागून आम्ही सगळ्यांच्या सह्यांचं उत्तर रजिस्टर पोस्टाने धाडलं आहे. त्यात अक्कांची सही पहिली आहे.