स्कायरिम मराठीत: वेलांटी अखेर जागेवर बसली

मंडळी, जमलं एकदाचं! स्कायरिम हा व्हिडिओ गेम मी मराठीत आणतोय. त्यातल्या व्हाइटरन शहराच्या वेशीवरचा पहारेकरी काल रात्री शुद्ध मराठीत आडवा आला आणि त्याच्या सबटायटलमधली एकही वेलांटी भरकटलेली नव्हती. ‘ड्रॅगन’मधला ‘ड्र’ शाबूत, ‘मार्ग’वरचा रफार डोक्यावर, ‘शक्ती’तला ‘क्त’ जोडलेला. आनंदाच्या भरात रिव्हरवुड गावाला परत गेलो आणि लोहारापासून कोंबडीमागे धावणाऱ्या पोरांपर्यंत दिसेल त्याच्याशी बोलत सुटलो. क्वेस्ट, म्हणजे गेममधली मोहीम, गेली खड्ड्यात.

मागच्या पोस्टमध्ये गाडी कुठं रुतली होती ते आठवत असेलच. कुठला मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये दाखवायचा ते ठरवणाऱ्या गेमच्या फॉन्टकॉन्फिग फाईलमध्ये मॅपिंग बदलून अक्षरांच्या जागचे पांढरे चौकोन घालवले होते, देवनागरी दिसायला लागली होती, पण मोडतोड होऊन. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं, हलंत उघडे, रफाराच्या जागी सुटा पाय मोडलेला ‘र’. त्यावर तुमच्यापैकी निम्म्यांनी ‘फॉन्ट बदलून बघ’ असा सल्ला दिला. मुक्ता, बालू, नोटो, सगळे बदलले. फरक शून्य, आणि तो पडणारही नव्हता. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी ‘क’ येतो, मग वेलांटी. वेलांटी उचलून पुढं आणायची, ‘क’ आणि ‘त’ जोडायचे, हे नियम फॉन्टच्या आत लिहिलेले असतात, पण ते वाचून अमलात आणणारं शेपिंग इंजिन वेगळं असतं. ब्राउझरमध्ये ते असतं, फोनमध्ये असतं. स्कायरिमचा सगळा इंटरफेस स्केलफॉर्म या सॉफ्टवेअरवर, म्हणजे ॲडोबीच्या फ्लॅशच्या घराण्यातला. त्याला एक कोड, एक चित्र एवढंच कळतं. पोलिश, रशियन, जपानीचं त्यावर भागतं. आपलं नाही भागत.

वाट दाखवली ती सांगलीच्या खणभागातल्या डीटीपीवाल्या काकांनी. चुलतभावाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला गेलो होतो, मोबाईलमधला स्क्रीनशॉट सहज दाखवला. काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अरे, हे आमच्याकडं रोजचं होतं. आम्ही वेलांटी आधीच मारायचो.” श्रीलिपी या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या काळात युनिकोडची भानगडच नव्हती. जे डोळ्याला दिसतं त्याच क्रमानं टाईप करायचं. अर्धा ‘क’ वेगळ्या कळेवर, रफार वेगळ्या, आणि रुंद अक्षरासाठी रुंद वेलांटी वेगळी. म्हणजे शेपिंग इंजिन म्हणजे खुद्द काका!

घरी येऊन तोच उद्योग एका छोट्या प्रोग्रॅमला लावला. मजकूर गेममध्ये जाण्याआधीच हार्फबझ या शेपिंग इंजिनमधून काढायचा, तो कुठलं चित्र कुठल्या क्रमानं मांडतो ते विचारायचं आणि प्रत्येक चित्राला युनिकोडच्या प्रायव्हेट यूज एरियातला एकेक नंबर द्यायचा. तिथं ६,४०० जागा मोकळ्या असतात, त्यावर कुणाचाच हक्क नाही. गेमला वाटतं ही कुठली तरी परकी लिपी आहे, एक कोड एक चित्र, आणि तो गुमान दाखवतो. काकांचे जुने फॉन्ट मात्र वापरता येणार नाहीत, कारण ते विकतचे आहेत आणि मॉडमधून, म्हणजे गेममध्ये चाहत्यांनी घातलेल्या भरीतून, वाटता येत नाहीत. म्हणून ‘एक टाईप’ या फॉन्टवाल्या मंडळींचा मुक्ता. ओपन लायसन्स, आतली चिरफाड चालते, आणि माझ्या मते टीव्हीवर लांबून वाचायला आज त्याच्या तोडीचा फुकट मराठी फॉन्ट नाही.

गंमत म्हणजे गेम बनवणाऱ्या बेथेस्डानं स्वतः २०११ साली हेच केलंय. गेममधल्या कोरीव भिंतींवरची, म्हणजे वर्ड वॉलवरची, ड्रॅगनांची लिपी आठवा. तिच्यात ३४ अक्षरं, त्यातली काही दोन रोमन अक्षरांच्या जोडीची: ‘एएच’साठी एक खूण, दुहेरी ‘आय’साठी एक. त्या खुणा त्यांनी सरळ आकड्यांच्या जागी बसवल्यात. ‘डोव्हाकीन’ ही नायकाची उपाधी त्या फॉन्टमध्ये लिहायची तर डी-ओ-व्ही-४-के-३-एन. ड्रॅगनांची जोडाक्षरं चालतात, मग आपली का नकोत?

पण एवढ्यावर सुटलो नाही. क्रम बरोबर आला, जागा चुकल्या. अनुस्वार मात्रेवर आदळतोय, ‘टू’चा ऊकार शेजारच्या अक्षराखाली, ‘र्थी’चा रफार आणि वेलांटी एकमेकांत गुंतलेले. हार्फबझ नुसतं चित्र देत नाही, ते किती वर, किती डावीकडं सरकवायचं तेही देतो. फ्लॅशमध्ये ते सरकवणं पोचतच नाही, फक्त रुंदी पोचते. आधी रुंदीत ऋण आकडे घालून पाहिले. मेनूत बरं दिसायचं, सबटायटलमध्ये ओळ वळली की पुन्हा खेळखंडोबा. मग प्रत्येक मात्रेच्या चार-चार रुंदीच्या आवृत्त्या काढायला घेतल्या, अगदी काकांसारख्या. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या आणि ‘ष्ट्री’ आल्यावर हात टेकले.

शेवटी चाललं ते असं: मात्रा सुट्या ठेवायच्याच नाहीत. ‘र्थी’ हे पूर्ण अक्षर हार्फबझकडून मांडून घ्यायचं, फॉन्टटूल्स या अवजारानं सगळ्या रेषा सरकवून एकाच चित्रात ओतायच्या आणि त्या अख्ख्या अक्षराला एक नंबर. ‘क’, ‘का’, ‘कि’, ‘क्ती’, सगळी स्वतंत्र चित्रं. संख्या फुगते, पण जपानी आवृत्ती हजारो कांजी पचवते, तर हेही पचतंय. आतापर्यंतच्या भाषांतरातली सगळी अक्षरं ६,४०० च्या आत आरामात बसली आहेत.

बोनस म्हणजे हस्तलिखित चिठ्ठ्यांना कलम फॉन्ट लावला. ब्लीक फॉल्स बॅरो या थडग्यातली अर्व्हेल चोराची वही उघडून बघा एकदा, कुणी तरी घाईघाईत खरडल्यासारखी दिसते. माझ्या लेखी आख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात देखणं पान तेच.

अवजारांबद्दल दोन शब्द. भाषांतरासाठी एक्सट्रान्सलेटरला तोड नाही. गेमच्या मजकुराच्या स्ट्रिंग्ज, डीएलस्ट्रिंग्ज, आयएलस्ट्रिंग्ज तिन्ही फाईली एकाच खिडकीत, फक्त सेव्ह करताना युटीएफ-८ ही युनिकोड साठवायची पद्धत निवडा. मेनूची ट्रान्सलेट फाईल मात्र युटीएफ-१६च मागते, नाहीतर डॉलरची चिन्हं तोंडावर येतात. फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाईलमध्ये फॉन्ट घालायला जेपेक्स. फुकट आहे, कामाचं आहे, रॅम मात्र राक्षसासारखी खातं. आणि यूपीएस असल्याशिवाय या भानगडीत पडू नका. गावातल्या एका दुकानानं ‘नवी’ म्हणून दिलेली बॅटरी पहिल्याच पावसात, जेपेक्स सेव्ह करत असताना गतप्राण झाली. दुसरी मिरजेतून आणली, ती टिकली आहे.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. झोळीतल्या वस्तूंची यादी आता वाटेल त्या क्रमानं लागते, ‘ढाल’ आधी आणि ‘कुऱ्हाड’ नंतर, कारण नंबर मी अक्षरं सापडतील तसे दिलेत. तेच नंबर वर्णक्रमानं दिले तर यादी आपोआप मराठी क्रमात लागेल! प्रत्येक बिल्डला नव्यानं क्रम लावायचा, झालं.

नाही, थांबा. सेव्ह फाईलमध्ये ठिकाणाचं नाव मजकूर म्हणूनच साठवलेलं असतं. नंबर बदलले की जुन्या सेव्हच्या यादीत व्हाइटरनच्या जागी काहीतरी अगम्य दिसणार. म्हणजे क्रम एकदाच ठरवायचा आणि मध्ये रिकाम्या जागा सोडायच्या, पुढं नवं जोडाक्षर आलं तर घुसवायला. ‘क’ आणि ‘त’च्या घरात जास्त, ‘ङ’च्या घरात एकही नाही. त्यामुळे रविवारी जी फाईल टाकणार होतो ती आता थांबवतोय. आधी हे.

उरलेली डोकेदुखी रेडियंट क्वेस्टची, म्हणजे गेम आपोआप बनवतो त्या मोहिमांची. तिथं गावाचं नाव गेम ऐनवेळी टॅगमध्ये भरतो, आणि त्याला ‘त’, ‘ला’, ‘च्या’ चिकटवायचं म्हटलं की नाव तसंच राहत नाही. कराडच्या मित्राचं म्हणणं, वाक्यंच अशी फिरवायची की नाव सुटं राहील: ‘ठिकाण: फॉल्क्रीथ’. सरकारी फॉर्म वाटतो, पण चालेल बहुतेक. मेनू सुधारणाऱ्या स्काययूआय मॉडच्या शोध-चौकटीत मराठी टाईप होणार नाही, आणि पात्राचं नावही रोमनमध्येच ठेवावं लागेल, कारण कीबोर्ड खरं युनिकोड पाठवतो आणि आपली चित्रं भलत्याच घरात राहतात. त्यावर उपाय करायचा तर एसकेएसई (स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर) प्लगइन लिहावं लागेल, आणि माझं सी-प्लस-प्लस कॉलेजातच राहिलं. कुणाचं जिवंत असेल तर हात वर करा.

गेममधल्या नॉर्ड लोकांनी सातारी बोलावं की पुस्तकी, यावरचा वाद पुढच्या पोस्टच्या खाली घाला. इथं सध्या फक्त तुटलेल्या अक्षरांचे स्क्रीनशॉट हवेत, विशेषतः ‘ऱ्ह’ आणि ‘ङ्म’ असलेले.