गच्चीवरची सावली आणि उलटा टॅन

भाचीने विचारलं, "मामा, टॅनच्या डोक्यावर उणे एक म्हणजे एक भागिले टॅनच ना?" बारावीत मीही हेच समजून बसलो होतो, मार्कही गेले होते. टॅन म्हणजे काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू. एक भागिले टॅन म्हणजे कॉट. इथला उणे एक एवढंच सांगतो की प्रश्न उलटा आहे: गुणोत्तर हातात आहे, कोन शोधा.

तोंडी सांगून पटेना. दुसऱ्या दिवशी 20 मार्च होता, विषुवदिन. मुंबईत शीवमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चढलो. प्लायवूडच्या फळीवर पडद्याचा जुना रॉड उभा ठोकला, फळीच्या वर बरोबर 100 सेंटीमीटर. ओळंबा लावला. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो, त्यामुळे फळीखाली चपट्या लाद्या सरकवून पाणसळीने ती सपाट केली. शेजारच्या आजींनी वाळत घातलेले पापड दोन फूट सरकवावे लागले, त्याबद्दल ऐकून घेतलं.

मुंबईत त्या दिवशी सूर्य सर्वांत वर येतो तो बाराला नव्हे, पावणेएकच्या सुमारास. विषुववृत्तावर तेव्हा तो डोक्यावर असतो, म्हणजे आपण जितके अंश उत्तरेला, तितकाच आपल्याला दक्षिणेकडे कललेला दिसतो. सावली भागिले काठी हा आपल्या अक्षांशाचा टॅन.

सावलीची कड मात्र धूसर. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे 34 ते 35 सेंटीमीटरच्या मध्ये नुसती करडी पट्टी. मधलं घेतलं: 34.5. गुणोत्तर 0.345.

भाचीने कॅल्क्युलेटर दाबला. 0.332! "म्हणजे आपण विषुववृत्तावर?" कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर होता, बाकी काही नाही.

मग म्हटलं, ठेव तो बाजूला. टॅनवरून कोन काढायला केरळच्या माधव या गणितज्ञाने चौदाव्या शतकात दिलेली श्रेणी आहे; युरोपात ती 1671 मध्ये जेम्स ग्रेगरीच्या हाती आली. गुणोत्तर, वजा त्याचा घन भागिले 3, अधिक पाचवा घात भागिले 5, असं पुढे. वहीच्या मागच्या पानावर:

0.345 − 0.01369 + 0.00098 − 0.00008 = 0.33221

हेही रेडियनच; एका रेडियनचे 57.2958 अंश, तेवढ्याने गुणलं की 19.03 अंश. शीव 19.04 च्या आसपास. एक सेंटीमीटर धूसर कडेतून एवढं जवळ येणं यात नशिबाचाही वाटा होता, हे तिला सांगितलं नाही.

गंमत पुढे. संध्याकाळी पाचच्या आधी पापड गोळा करायला वर गेलो, तेव्हा सावली काठीच्या दुप्पट झाली होती. भाचीने उत्साहाने श्रेणीत 2 टाकलं: 2, वजा 2.67, अधिक 6.4, वजा 18.29... पदं फुगतच चालली. गुणोत्तर 1 च्या पुढे गेलं की ही श्रेणी हाताबाहेर जाते. नेमक्या 1 ला उत्तर येतं 45 अंश, पण इतकं रेंगाळत की दहा पदांनंतरही दीड अंश कमीच. उपाय सोपा: उलटं गुणोत्तर घ्या, त्याचा कोन काढा, 90 मधून वजा करा. अर्ध्याचा कोन 26.57, म्हणजे दोनाचा 63.43.

"आणि तो 26.57 म्हणजे सूर्य क्षितिजापासून किती वर आहे तेच ना?" पापडाचा डबा धरून ती म्हणाली.