वारा यंदाचा, पाणी गेल्या वर्षीचं

"मराठवाड्यात समुद्र कुठाय? मग हे करता कुठं?" गाडीच्या टपावर बांधलेले विंडसर्फिंगचे बोर्ड बघून पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या पालकसभेत, हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. त्याच्या मागोमाग दुसराही येतो, जरा आवाज खाली आणून: "इथं प्यायला पाणी नसतं, अन् तुम्ही त्यात खेळता?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाणं, आणि विंग फॉइलिंग म्हणजे हातातल्या पंखानं वारा धरून बोर्डासकट पाण्याच्या वर उचललं जाणं. दोन्हींना समुद्रच हवा असं नाही. सलग वारा आणि मोकळं, पुरेसं खोल पाणी हवं. वाऱ्याच्या बाबतीत आपण अजिबात गरीब नाही. मृग सरत आला की पश्चिमेचा वारा आपला पाऊस सह्याद्रीवर रिकामा करतो आणि कोरडा होऊन आपल्याकडे येतो. बीड-धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्यावर. शेतकऱ्याच्या घरात मात्र त्याला कुणी चांगलं म्हणत नाही. सोयाबीन नुकतं उगवलेलं असतं, ढग येतात आणि डोक्यावरून निघून जातात. "ह्या वाऱ्यानं पाऊस पळवला," असं माझी आई अजून म्हणते, आणि तिचं खोटं नाही. आमचंही शेत आहे. त्या दिवसांत मला वाराही हवा असतो आणि पाऊसही, आणि दोन्ही अगदी मनापासून हवे असतात.

अडतं ते पाण्यापाशी. आपली धरणं भरायला ऑगस्ट उलटतो, कधी सप्टेंबरही संपत येतो. तोवर वारा पडलेला असतो. जून-जुलैत वारा भन्नाट असतो, तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं. मागचा पावसाळा चांगला झाला आणि उन्हाळा काढूनही धरणात साठा उरला, तरच आषाढात या दोघांची गाठ पडते. म्हणजे वारा यंदाचा आणि पाणी गेल्या वर्षीचं. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसल्या वर्षी बोर्ड माळ्यावरून खाली काढायचा विचारसुद्धा मनात येत नाही. मांजरा धरणाच्या भेगाळलेल्या तळात उभं राहिलेलं माणूस पाण्याकडे पुन्हा कधी हलक्यात बघत नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला: मग जायकवाडीवर का नाही? नाथसागर एवढा अफाट आहे! आहे खरा, पण तो 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि तिथं पाण्यावर पहिला हक्क पाखरांचा. आम्ही बालाघाटातल्या एका मध्यम धरणावर जातो, पाटबंधारे खात्याची परवानगी काढून. नाव मुद्दाम लिहीत नाही. धरणात उतरून पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो, त्यात माझ्या लेखानं भर पडायला नको.

पाण्याचा प्रश्न विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन की शिडाला डिझेल लागत नाही. इंजिनाची बोट पिण्याच्या पाण्यावर फिरवायला माझा साफ विरोध आहे. आमच्या मागं त्या पाण्यावर तेलाचा थेंबही राहत नाही.

आता आमचा दिवस. पहाटे लातुरातून निघायचं, अंबाजोगाईचा मित्र वाटेत गाडीत चढतो, बीडची मंडळी थेट धरणावर येतात. आमच्यात एक दंतवैद्य, एक विज्ञानाच्या बाई आणि एक कापडदुकानदार आहे. सकाळी पाणी तसं निवांत असतं, ऊन चढलं की वारा धरतो. तोवर पंखात हवा भरायची, मास्ट म्हणजे शिडाची काठी जोडायची, धपाटे खायचे.

विंडसर्फिंगमध्ये शीड बोर्डालाच जोडलेलं असतं, पण असल्या सांध्यानं की ते सगळ्या दिशांना कलतं. वळायचं तेही शीड पुढंमागं कलवून; सुकाणू नसतंच. हा खेळ 1984 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. विंग त्यामानानं अगदी नवी, गेल्या काही वर्षांत पसरलेली. पंपानं हवा भरलेला पंख हातात सुटा धरायचा, बोर्डाशी त्याचा संबंध नाही. बोर्डाखाली लांब दांडा आणि त्याच्या टोकाला पाण्यातले दोन छोटे पंख, हे फॉइल. वेग आला की ते पंख विमानाच्या पंखांसारखं काम करतात आणि बोर्ड पाणी सोडून वर येतो.

तो क्षण नीट सांगायला हवा. आधी बोर्डाच्या पोटावर लाटा थपाथप आपटत असतात, गुडघ्यांना हिसके बसत असतात. मागच्या पायावर किंचित भार देताच आवाज एकदम बंद होतो. हिसके थांबतात. खालून दांड्याची बारीक गुणगुण तेवढी येते आणि पाणी गुडघाभर खाली राहून मागं सरकत असतं. आमची दंतवैद्य मैत्रीण पहिल्यांदा अशी वर आली तेव्हा जी ओरडली, ती काठावरच्या म्हशींनीसुद्धा माना वळवल्या.

पण धरण म्हणजे तलाव नव्हे, ते बुडालेलं शिवार आहे. खाली बांध आहेत, बाभळीची खोडं आहेत, जुन्या विहिरी आहेत. फॉइलचा दांडा पाऊण मीटरच्या आसपास असतो, एखादं खोड लागलं की माणूस पुढं फेकला जातो. कुठं काय आहे हे कुठल्याही नकाशात नाही. ते थर्माकोलच्या तराफ्यावरून कटला-रोहू धरणाऱ्या भोई काकांना माहीत आहे. "ताई, त्या बाटल्या तरंगायलेत ना, तिकडं जाऊ नका, तिथं माझं जाळं हाय. अन् त्याच्या अलीकडं चिंचेचं खोड हाय." पाण्यात उतरण्याआधी त्यांना विचारायचं, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम भिंतीचा. आपल्याकडच्या बहुतेक नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्व टोकाला येते. वारा पश्चिमेचा. दमलेला माणूस वाऱ्याबरोबर वाहत गेला तर थेट भिंतीच्या दगडांवर, नाहीतर सांडव्याकडे. म्हणून आम्ही भिंतीपासून लांब, बाजूचं एक आखात धरतो, जिथं वाऱ्यानं नेलं तरी माणूस गाळाच्या काठाला लागतो. जॅकेट आणि हेल्मेट सगळ्यांना. एकजण कायम काठावर थांबून पाण्यातली डोकी मोजतो, आणि ही पाळी चुकवणाऱ्याला पुढच्या वेळी गाडीत जागा नाही.

"आम्हालाही येऊ द्या," असं म्हणणाऱ्यांसाठी: पोहता येत असेल तर या. सुरुवात विंडसर्फिंगच्या मोठ्या, स्थिर बोर्डावर करावी असं माझं ठाम मत आहे. वारा कुठून येतोय, आपण कुठं वाहत चाललोय, काठाला परत कसं यायचं, हे शीड आधी शिकवतं. फॉइल त्यानंतर. फक्त निघण्याआधी फोन करा, पाणी किती उरलंय ते काकांना विचारून सांगते.