खाली बघून चाला

उपनगरातल्या बागेत शिरताना नजर आपोआप वर जाते, कारण फाटकाच्या कमानीवर नावं असतात. कोणाच्या निधीतून, कोणाच्या हस्ते, कोणाच्या प्रमुख उपस्थितीत. कमान संपली की ती मोबाइलकडे वळते. जमिनीकडे बघतात ते दोघेच: नवे बूट घेतलेला आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. बाकीच्यांनीही बघायला हरकत नाही. हिरवळ काय, चार दिवसांत अंथरता येते. बाग टिकणार की नाही हे खालच्या दीड-दोन फुटांत ठरलेलं असतं.

चालण्याचा ट्रॅक बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉकचा. ब्लॉकला नावं ठेवणं ही मुंबईकरांची आवडती करमणूक आहे, पण दोष बऱ्याचदा ब्लॉकखालच्या थरांचा असतो. दाबून बसवलेली खडी, तिच्यावर तीनेक सेंटिमीटर रेती, मग ब्लॉक, सांध्यांत बारीक रेती आणि दोन्ही कडांना सिमेंटमध्ये घट्ट रोवलेला कर्ब, म्हणजे काठाचा उभा दगड, असा तो सगळा संसार. यातला कर्ब गवतात झाकला जातो, म्हणून पैसे तिथे वाचवले जातात. मग पहिल्याच पावसाळ्यात कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात, रेती वाहून जाते आणि एखादा ब्लॉक डुलायला लागतो. त्यावर पाय पडला की खालचं पाणी थेट पोटरीवर. रोजच्या मंडळींना असे ब्लॉक तोंडपाठ असतात. जुलैत नवखा कोण ते त्याच्या पायजम्यावरून कळतं. सावलीतल्या ब्लॉकवर शेवाळं धरतं, ते वेगळंच. ते तारेच्या ब्रशने कोरडं असतानाच घासायचं. घसरू नये म्हणून वरून सिमेंटचा हात फिरवला, तर पुढच्या वर्षी तो गुळगुळीत थर दुप्पट घसरतो.

ट्रॅकला एका बाजूला उतार लागतो, मीटरला दोन सेंटिमीटर पुरतो. तो जास्त झाला की पाणी जातं खरं, पण चालणाऱ्याचा एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो, आणि त्या बाजूचा घोटा, नडगी, कंबर कुरकुरायला लागतात. उपाय साधा आहे: दिवसाआड दिशा बदलायची. पण उलट्या दिशेने चालणाऱ्याकडे बागेत ज्या नजरेने पाहिलं जातं, ती नजर झेलण्यापेक्षा लोक कंबरदुखी पत्करतात.

फेऱ्यांच्या हिशोबावरून तर बागेत मैत्र्या तुटतात. यात एक गंमत आहे. ट्रॅक लहान असो की मोठा, आतल्या कडेऐवजी एक मीटर बाहेरून चाललं की प्रत्येक फेरी सव्वासहा मीटरने वाढते. शिवाजी पार्कला फेरी मारा, नाहीतर सोसायटीच्या चिमुकल्या बागेला, वाढ तेवढीच. वीस फेऱ्यांत सव्वाशे मीटर. तिघं शेजारी-शेजारी गप्पा मारत चालले, तर बाहेरच्याचा व्यायाम जास्त होतो आणि श्रेय तिघांना सारखं मिळतं.

गुडघ्यांसाठी मातीचा ट्रॅक सगळ्यात बरा, हे डॉक्टरही सांगतात आणि आजोबाही. मात्र माती म्हटली की पाणी शिंपडणं आलं. शिवाजी पार्कात टाकलेली लाल माती उन्हाळ्यात उडून आसपासच्या घरांत जाऊन बसायची आणि रहिवासी हैराण व्हायचे. मैदानावरची माती गवताची मुळं धरून ठेवतात. गवत गेलं की वाऱ्याला रान मोकळं.

मुलांच्या कोपऱ्यात घसरगुंडी किती उंच आणि रंग कोणते यावर चर्चा होते. खाली काय आहे, हे कोणी विचारत नाही. खाली हवी ती जाडसर नदीची रेती, निदान एक फूट खोल. खडी फोडून केलेली वाळू स्वस्त पडते, पण तिच्यात भुकटी असते; दोन पाऊस झाले की ती घट्ट बसते आणि मूल पडलं तर रस्त्यावर पडल्यासारखंच. चांगली रेतीही आठवड्याला दाताळ्याने मोकळी करावी लागते, कारण झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी पाय घासून खड्डा होतो. नेमकी जिथे मुलं पडतात तिथलीच रेती संपलेली असते. जूनमध्ये त्या खड्ड्याचं डबकं होतं, आणि मग डासांसाठी औषध फवारलं जातं. रात्री मांजरं येतात ते निराळं, त्यासाठी जाळी टाकून ठेवणारे शहाणे माळीही आहेत. हल्ली रेतीऐवजी रंगीत रबर येतं. दिसतं झकास. पण ते सिमेंटच्या कोब्यावर चिकटवलेलं असतं, कोब्याला उतार नसला तर पाणी आत मुरतं, सांधे फुगतात, आणि मेच्या उन्हात अनवाणी पोरं त्यावरून नाचत पळतात.

उन्हाचंही जमिनीवरूनच समजून घ्यावं. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. तेव्हा घसरगुंडीचं तोंड कुठेही करा, पत्रा तापणारच. पण मुलं येतात पाचच्या सुमाराला, आणि त्या वेळी ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं. म्हणून घसरगुंडी पूर्वेकडे उतरावी आणि झाड तिच्या पश्चिमेला असावं. बाकाचंही तेच. प्रत्यक्षात बाकं ट्रॅकच्या कडेने एका ओळीत, सारख्या अंतरावर मांडली जातात, कारण नकाशात ती तशी शोभतात. मग संध्याकाळी पाच बाकं रिकामी आणि सहाव्यावर सात माणसं. सावली मिळाली तरी वर कोण राहतं ते बघून घ्यावं. जुन्या पर्जन्यवृक्षांवर पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत असेल, तर खालच्या बाकावर सप्टेंबरपर्यंत छत्री उघडून बसावं लागतं, पाऊस नसतानासुद्धा.

आता मातीकडे. उपनगरातल्या कितीतरी बागा भरावावर आहेत. इमारती पाडल्या, विटा-टाइल्सचे तुकडे टाकले, वर सहा इंच लाल माती पसरली, हिरवळ अंथरली. वर्षभर फोटो छान येतात. मुळं मात्र सहा इंचांवर अडतात आणि आडवी पसरतात. त्यात खोडाला खेटून काँक्रीट. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. असं झाड जुलैच्या वाऱ्यात पडलं की ‘पावसाने पडलं’ अशी नोंद होते. बिचारा पाऊस. रोप लावायला एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, निघालेलं डेब्रिज परत त्यातच ढकलू नये, आणि चांगल्या मातीत चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळावं. खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी हवी. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांसाठी २०१३ मध्ये तसा आदेशच दिला होता. गुलमोहर दिसतो देखणा, पण फांद्या ठिसूळ, मुळं वरवर. लहान मुलांच्या बागेत ताम्हण, बकुळ, करंज बरे. सप्तपर्णी एखादीच असू द्यावी. ऑक्टोबरात ती फुलली की निम्मी बाग वासाने वेडी होते आणि निम्मी डोकं धरून बसते.

सोसायट्यांत ज्याला ‘आरजी’ (रिक्रिएशन ग्राउंड) म्हणतात त्या मोकळ्या जागेची गोष्टही याच मातीची आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हजार चौरस मीटरपुढच्या भूखंडाला १५ टक्के, अडीच हजारांपुढे २० आणि दहा हजारांपुढे २५ टक्के जागा अशी सोडायची होती. ती जमिनीवर न ठेवता गाड्यांच्या मजल्यावर, पोडियमवर ढकलण्याची रीत पडली. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान आरजी जमिनीवरच हवी. स्लॅबवर दोन-तीन फूट माती टाकता येते. तिच्यात तगर, कण्हेर, चाफा खुशाल राहतात. वड राहत नाही. शिवाय खालच्या पार्किंगमध्ये गळती झाली की पहिला संशय झाडावर. मलबार हिलचं १८८१ सालचं हँगिंग गार्डन हे मुंबईचं आद्य पोडियम गार्डन म्हणायला हरकत नाही: खाली पाण्याचा जलाशय, वर झुडपं कातरून केलेले प्राणी. याउलट माहीम-धारावीचं निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डेपोवर उभं आहे. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि सदतीस एकरांत आज चक्क रान आहे. कचऱ्यावर झाड वाढवता येतं. स्लॅबखाली त्याला वाटच नसते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्जन्यवृक्ष पानं टाकतो आणि झाडूवाल्याचा जीव घेतो. पाला जाळायची सवय अजून पुरती गेलेली नाही. त्यापेक्षा खत करावं: तीन फूट खोल खड्डा, वीतभर पाल्याच्या थरावर शेणाचं पातळ पाणी, पुन्हा पाला. ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी, त्याहून जास्त झाली तर वास मारतो. पंधरा दिवसांनी खालीवर केलं की चार महिन्यांत खत तयार. गुलमोहराची बारीक पानं एकमेकांना चिकटून गादी होते, म्हणून त्यांत मोठी पानं मिसळायची. फणसा-आंब्याची जाड पानं आधी तुडवून बारीक करायची. सगळ्यात चिवट माल म्हणजे वेफर्सची पाकिटं. ती वेचणं हेच अर्धं काम.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हा उद्योग कोणालाच करावा लागत नाही. शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या त्या रानात पाला पडला तिथेच राहतो, पावसाचं पाणी त्यातून जिरत खाली उतरतं. विहार आणि तुळशी ही तळी त्याच रानात आहेत. सकाळी आत चालायला जाणाऱ्यांना पाऊल मऊ लागतं ते त्यामुळे. बाहेर पडून वसाहतीच्या बागेत येतो, तर माळी खोडाभोवतालचं शेवटचं पानसुद्धा उचलत असतो, कारण सेक्रेटरींना स्वच्छता आवडते.

ओपन जिमबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खाऱ्या हवेत बेअरिंग गंजतं, ग्रीस कोणी लावत नाही, आणि मुलं त्याचा झोपाळा करतात, मग पायाचे बोल्ट सैल होतात. बसण्याआधी हाताने हलवून बघावं, इतकंच.

नवीन झाड कुठे लावायचं यावर कमिटीत वाद झालाच, तर फावडं आणि बादली आणावी. एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरायचा, ते जिरलं की पुन्हा भरायचा आणि पट्टी लावून बसायचं. तासाला दोन-तीन सेंटिमीटर पाणी उतरलं, तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल, तर खाली भराव आहे किंवा कोणाचा तरी जुना कोबा. तो फोडायचा खर्च मंजूर होत नसेल, तर तिथे झाडाचा हट्ट सोडून बाक ठेवावं. अर्थात पश्चिमेला आधीच एखादं झाड असेल तरच.