अँबॅसिडरचे टॅपेट गप्प होऊ लागले तेव्हा

माझी अँबॅसिडर मार्क थ्री आहे, १९७८ ची. इंजिन १४८९ सीसीचं, मूळचं ब्रिटनच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. ब्लॉक बिडाचा, हेडही (सिलिंडरांवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) बिडाचंच. व्हॉल्व्ह ज्या सीटवर टेकतो ती वेगळी बसवलेली नसते, हेडच्या बिडातच कापून काढलेली असते. जुन्या गाडीला शिसेमुक्त पेट्रोल चालेल का, हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी हेच विचारतो: सीट कशाची आहे?

भारतात शिसं घातलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. महानगरांत शिसेमुक्त पेट्रोल १९९५ पासूनच मिळू लागलं होतं, पण ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारं उपकरण) असलेल्या नव्या गाड्यांसाठी. धुरातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. तेव्हा माझा गाडीवर कितीही जीव असला, तरी ते पेट्रोल गेलं हे चांगलंच झालं असं मी मानतो.

इंजिनासाठी शिसं दोन कामं करायचं. एक म्हणजे ऑक्टेन वाढवणं, म्हणजे दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू न देणं. ती काळजी आपल्याला नाही, कारण या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो मुळातच कमी आहे आणि आजचं साधं पेट्रोल त्याला भरपूर होतं. महागडं प्रीमियम पेट्रोल भरून काहीच साधत नाही. दुसरं काम मात्र मोलाचं होतं. जळलेल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये बसायचा. तो नसला की तापलेला व्हॉल्व्ह सीटवर आपटताना दोन धातू सूक्ष्म ठिपक्यांत चिकटतात आणि व्हॉल्व्ह उचलला की सीटचे कण उपटून निघतात. ते कण व्हॉल्व्हला चिकटून पुढे सीटच खरवडत राहतात. व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये आत जातो. इनटेक व्हॉल्व्हला हा त्रास होत नाही, कारण आत येणारं गार मिश्रण त्याला थंड ठेवतं.

माझी गाडी बरीच वर्षं शिसेमुक्त पेट्रोलवर बिनतक्रार चालली. सीटवर जुन्या शिशाचा थर शिल्लक होता आणि गाडी कोल्हापूर-सांगलीच्या पलीकडे फारशी जात नव्हती. मग हेड उतरवून कार्बन काढला, व्हॉल्व्ह लेपिंग केलं, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवले. त्या घासणीत तो थर गेला. त्याच सुमारास पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. हायवेला तासन् तास एकाच वेगात पळणं आणि वाटेत खंबाटकीचा चढ, नेमकं हेच या सीटना सोसत नाही.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, मी स्वतः तपासतो. एक्झॉस्टचा गॅप पंधरा थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). या इंजिनात नवाच्या बेरजेची सोपी युक्ती आहे: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असला की पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला असला की तिसरा, पाचवा असला की चौथा. एक, चार, पाच आणि आठ हे एक्झॉस्ट. एकदा चौथ्यात गॅप मोजायची पंधराची पट्टी शिरेना. दहाचीही अडकत सरकली. सेट करून ठेवला, तर पुढच्या तपासणीत चौथा आणि पाचवा दोन्ही पुन्हा घट्ट. एक आणि आठ जरा कमी, इनटेक जागच्या जागी.

आमच्या मिस्त्रीमामांना सांगितलं. बॉनेट न उघडता ते म्हणाले, "टॅपेट वाजत असला तर वाजू दे, घाबरू नगा. गप झाला की मात्र घाबरायचं." साध्या झिजेत गॅप वाढतो आणि आवाज येतो. सीट खचली की गॅप कमी होतो, इंजिन उलट मऊ वाटू लागतं आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होऊन जळतो. चौथा आणि पाचवाच आधी का खचले, याचंही कारण आहे. या हेडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट एकच, म्हणून मधला भाग सगळ्यांत जास्त तापतो.

पेट्रोलमध्ये ओतायच्या बाटल्यांचा विचार मी केला होता. पोटॅशियम किंवा मँगनीजची ती द्रव्यं काम करतात, पण प्रत्येक टाकीला आठवणीनं घालावी लागतात आणि एक प्रकार दुसऱ्यात मिसळायचा नसतो. विमानाचं शिसेयुक्त पेट्रोल मिळवून घालण्याचा सल्लाही मिळाला. तो मी ऐकला नाही, कुणीच ऐकू नये. सीट खचायला लागलीच होती, तेव्हा कठीण रिंगा बसवणं हाच कायमचा इलाज होता.

कोल्हापुरात राहण्याचा इथे फायदा झाला. उद्यमनगर या इथल्या कारखान्यांच्या भागात ऑइल इंजिनांची हेडं पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत. बीड कसं कापतं हे तिथल्या कारागिराला हाताला कळतं. त्यांनी पहिली अट घातली ती तडा तपासण्याची. हेड धुऊन त्यावर लाल डाय मारला, पुसला, मग पांढरी पावडर फवारली. मधल्या दोन एक्झॉस्ट सीटच्या मधोमध तडा जाणं हा या हेडचा जुना रोग. तिथे केसाएवढी लाल रेघ उमटते का, हे आम्ही सगळे वाकून बघत होतो. पांढरं पांढरंच राहिलं. रेघ उमटली असती तर दुसरं हेड शोधावं लागलं असतं.

रिंगा फक्त चार एक्झॉस्टना. इनटेकच्या सीटला हात लावू नका असं मी स्पष्ट सांगितलं, कारण जितकं जास्त खोदाल तितकी पाण्याच्या जॅकेटपर्यंत (हेड गार ठेवणारं पाणी फिरतं ती पोकळी) भोक पडण्याची भीती. रिंग भोकापेक्षा काही थाउंनी मोठी असते. हेड गरम करतात, रिंग गोठवतात आणि एका दमात आत दाबतात. आवाज ठण्ण येण्याऐवजी बद्द आला की रिंग तळाला बसली. मग गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) पाहून सीट कापली, व्हॉल्व्ह नवे घातले, लेपिंग केलं आणि रॉकेल ओतून गळती पाहिली. तुम्ही हे काम करणार असाल तर एकच विनंती: गाइड ढिले असतील तर आधी तेच बदला. ढिल्या गाइडमध्ये व्हॉल्व्ह डुगडुगतो आणि नवी सीट एका बाजूनं खाल्ली जाते.

त्यानंतर पुण्याच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. चारही एक्झॉस्ट पंधरावर आहेत.

शिशाचा प्रश्न मिटला, पण पेट्रोलचा नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्यातलं काही इथेनॉल आमच्याच पट्ट्यातल्या उसाचं असतं, शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळतात, तेव्हा गाडी त्याच्याशी जुळवून घेणं मला योग्य वाटतं. जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ पडतात, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारा घातला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. प्लग पांढरट दिसू लागले तेव्हा सोलेक्स कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक नंबर मोठा घातला, आता प्लग बदामी येतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, गच्च भरून ठेवा. माझ्या टाकीच्या तळाला गंज धरला आहे, फिल्टरमध्ये तांबूस गाळ येतो. दिवाळीनंतर टाकी उतरवून आतून साफ करायची आहे.