तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन लर्निंगकडे का वळले नाही

माजी विद्यार्थी, नवे सहकारी, घरचेसुद्धा. सगळे फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. "मॅडम, सगळं जग मशीन लर्निंगकडे धावलं, तुम्ही अल्गोरिदमच्या थिअरीतच, म्हणजे गणितानं सिद्ध करायच्या बाजूलाच, का राहिलात?"

२०१२ साली ॲलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कनं इमेजनेटची, म्हणजे चित्रं ओळखायची, स्पर्धा मारली तेव्हा आम्ही काही झोपलो नव्हतो. पेपर वाचला, सेमिनारमध्ये त्यावर कडाकडा भांडलोही. ते चालतंय हे दिसत होतं; का चालतंय, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मला रस त्या 'का'त. बरीच वर्षं मी हेच उत्तर देत आले. ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

उरलेलं अर्धं माझ्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचं आहे. ग्राफवरच्या (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यावरच्या) एका प्रॉब्लेमचा लोअर बाउंड, म्हणजे कुठल्याही अल्गोरिदमला निदान एवढे कष्ट पडणारच ही खालची मर्यादा, तिनं फार कष्टानं सिद्ध केला होता. कॉन्फरन्सची डेडलाइन तोंडावर आलेली. (आमच्याकडे जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला मान, आणि डेडलाइन हुकली की गाडी गेलीच.) एका सकाळी अर्काइव्हवरचे (छापण्याआधीच पेपर टाकतात त्या साइटवरचे) नवे पेपर चाळताना मला दुसऱ्याच कुणाचा एक पेपर दिसला. प्रमेय तेच, बाउंड आमच्याहून घट्ट, आणि आमच्या लांबलचक केसेसच्या जागी एक छोटासा रँडमाइज्ड (यादृच्छिक निवडीवर बेतलेला) युक्तिवाद. ती आली तेव्हा प्रिंट माझ्या टेबलावरच होती. उभ्याउभ्याच तिनं मुख्य लेमा (प्रमेयाआधीचं मदतीचं छोटं विधान) वाचला आणि "अय्या, असं करायचं होतं होय!" म्हणून हसली. अगदी मनापासून. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता थिसिसमध्ये काय घालू?"

मी तिला इमरमन आणि सेलेपचेनी या दोन संशोधकांचा दाखला दिला. दोघांनी १९८७ मध्ये एकच प्रमेय एकमेकांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केलं, १९९५ चं गोडेल पारितोषिक (आमच्या थिअरीतला मोठा मान) दोघांना मिळून मिळालं. तिनं ऐकून घेतलं. ते दोघं बरोबरीनं पोचले होते, आम्ही मागून, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्याच प्रॉब्लेमवर थिसिस उरकून ती मशीन लर्निंगच्या कंपनीत गेली. "तिथे निदान आकडा सुधारला की त्याच दिवशी कळतं," म्हणाली.

त्याच वेळी वळायला हवं होतं, असं आता कधी कधी वाटतं. तेव्हाची मी लगेच भांडायला उठते: तो पेपर सापडला त्या रात्री ती परकी सिद्धता पुन्हा पुन्हा वाचलीस, ती काय नाइलाजानं? नाही, मजा आली होती. जळफळाट होऊनही आली होती. पण माझी नोकरी कायम होती, तिची नव्हती. महिन्याचा पगार ठरलेला असला की विषयावरची निष्ठा स्वस्तात पडते. यावर तेव्हाच्या मला काही बोलता येत नाही, आणि तरी ती हरलीय असंही मला म्हणवत नाही.

हल्ली ग्रँटच्या अर्जाच्या शीर्षकात मीही 'एआय' घालते. आत लोअर बाउंडच असतात. नवा एक विद्यार्थी येतोय, त्यालाही लोअर बाउंडच करायचेत. मशीन लर्निंगचे दोन कोर्स आधी कर, असं मी त्याला बजावलंय. तो अजून तयार नाही.